पुरण कुणाचं, पोळी कुणाची

आमच्या आणि पाठकांच्या अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. ती 1988 साली बांधली. तिच्यावरून पहिली वाटी गेली ती सिमेंट वाळायच्या आत, असं पाठककाकू सांगतात आणि पुरावा म्हणून वाटीच्या बुडाचा गोल ठसा दाखवतात. हैदराबादेत नाचारमच्या या गल्लीत मराठी घरं दोनच, तीही शेजारी शेजारी. आम्ही भिंतीवरून बोलायला लागलो की समोरच्या घरातली माणसं खिडकीत येतात. आम्ही भांडतोय असं त्यांना 1988 पासून वाटत आलंय.

2025 च्या गौरीजेवणाच्या दिवशी सकाळी काकूंची हाक आली.

"सुलभा, तुझं पुरणयंत्र दे गं. आमची चाळणी कुठं गेली देव जाणे."

मी पुरणयंत्र भिंतीवर ठेवलं. काकूंनी ते घेतलं, पण हलल्या नाहीत. डाळ शिजलेली असताना काकू भिंतीशी उभ्या राहतात याचा अर्थ एकच. पोटात बातमी आहे.

"ती मल्लापूरची कंपनी, अपोलो. तिनं बारूदखाना विकत घ्यायचा सौदा केला."

"दवाखानावाल्यांनी? बारूदखाना?"

"दवाखान्याची नव्हे गं! सगळे तेच म्हणतात. अपोलो मायक्रो सिस्टिम्स. बीईएल रोडवरून जाताना लागते बघ. कार्डं-बिर्डं करतात ते."

आता ओळख पटली. मल्लापूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. मी स्वतः वीस वर्षं या पट्ट्यातल्या एका शेडमध्ये सर्किटच्या कार्डांवर सोल्डरिंग केलंय, त्यामुळे कुठल्या फाटकाच्या आत काय चालतं याची थोडीफार खबर असते. पण काकूंना कशी? त्यांचा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा संबंध मिक्सर बंद पडला की तो आपटण्यापुरता.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

काकूंनी मागं वळून पाहिलं. काका मागच्या अंगणात कण्हेरीला पाणी घालत होते. काकू भिंतीवर ओणवल्या.

"माझे शेअर आहेत त्यात."

माझ्या हातातला कढीपत्ता तसाच राहिला.

"2018 च्या जानेवारीत इश्यू आला होता," काकू कुजबुजल्या. "275 रुपयांचा एक, असे 50 घ्यायचे. बँकेतल्या पोरानं फॉर्म भरून दिला. अडीचशे पटीच्या आसपास मागणी आली होती म्हणे. सोडतीत मला लागले! जन्मात सोडतीत काही लागलं नव्हतं, हे सोडून." मान काकांच्या दिशेनं.

"मग?"

"पहिल्याच दिवशी भाव चारशेच्या वर. मी म्हटलं, अजून जाईल. तो गेला खाली. मग आणखी खाली. कोरोनात तर मी बघायचंच सोडलं. लोणच्याची बरणी माळ्यावर ठेवतो ना, तसे ठेवून दिले. 2023 मध्ये एकाचे दहा झाले."

"दहापट?"

"अगं नाही. दर्शनी किंमत दहाची एक केली. एका भाकरीचे दहा तुकडे केले म्हणून दहा भाकरी होतात का? पण तुकडे 500 झाले खरे. आणि आता एकेक तुकडा दोनशेच्या वर आहे."

मी मनात गुणाकार केला. चौदा हजारांच्या आत घातले होते, लाखाच्या वर झाले.

"काकू, पार्टी!"

"हळू! यांना माहीत नाही. यांना शेअर म्हणजे मटका वाटतो. तू मला एवढंच सांग, कार्डं करणाऱ्यांना बारूदखाना कशाला? आपलं चांगलं चाललंय ना? मग नसती उठाठेव कशाला?"

प्रश्न माझ्या प्रांतातला होता. मी पदर खोचला.

"काकू, आपल्या या पट्ट्यात एवढ्या शेडा का आहेत, ठाऊक आहे? ईसीआयएल, ती सरकारी इलेक्ट्रॉनिक्सची कंपनी, 1967 साली आली. कांचनबागेत भारत डायनॅमिक्स 1970 ची. तिथंच डीआरडीएल, क्षेपणास्त्रांची प्रयोगशाळा. कलामसाहेब तिथं 1982 मध्ये आले, पुढच्या वर्षी पृथ्वी, अग्नी, आकाश असा सगळा क्षेपणास्त्रांचा कार्यक्रम सुरू झाला. एवढ्या मोठ्या संस्थांना एक कार्ड हवं, दोन पेट्या हव्यात, पाच तारांचे जुडगे हवेत. तेही असे की थंडीत गोठणार नाहीत, उन्हात तापणार नाहीत, दणक्यानं सुटणार नाहीत. पाच नगांसाठी मोठा कारखानदार दारात उभा करत नाही. म्हणून मल्लापूर, चर्लापल्ली, नाचारमला शेडा उभ्या राहिल्या. ही अपोलो त्यातलीच, 1985 ची. क्षेपणास्त्राच्या आतली पेटी, पाणतीराच्या आतलं कार्ड, असलं करत आली. अस्त्र दुसऱ्याचं, नाव दुसऱ्याचं. आतलं डोकं यांचं."

"म्हणजे घरोघरी पाऱ्या लाटून देणारी बाई," काकू म्हणाल्या.

"अगदी! पारी उत्तम. पण पुरण भरणार दुसरा, भाजणार दुसरा आणि पंगतीत वाढणार तिसराच. पोळी छान झाली की कौतुक वाढणाऱ्याचं."

"आणि पैसे?"

"पैसेही त्याच क्रमानं. वाढणाऱ्याला आधी, लाटणारीला शेवटी."

काकूंना हे लगेच पटलं. त्यांनी बारा वर्षं दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घेतली आहे.

"गेल्या मे महिन्यात काय झालं ऐका," मी म्हटलं. "5 तारखेला डीआरडीओनं आणि नौदलानं समुद्रतळावर ठेवायच्या सुरुंगाची चाचणी घेतली. हा सुरुंग तळाशी नुसता पडून राहतो. वरून जहाज गेलं की त्याचा आवाज, त्याचं चुंबकत्व, पाण्याचा बदललेला दाब, असं सगळं ताडून बघतो आणि मग ठरवतो. विशाखापट्टणमच्या नौदल प्रयोगशाळेनं तो घडवला, आपल्या पुण्याच्या स्फोटकांच्या प्रयोगशाळेची आणि चंडीगडच्या एका प्रयोगशाळेची मदत घेऊन. सरकारी पत्रकात तो बनवणाऱ्यांची नावं दोन. एक भारत डायनॅमिक्स, विशाखापट्टणमची. दुसरी ही, आपल्या मल्लापूरची."

"अगंबाई!"

"आता त्याच पत्रकातली गंमत. चाचणीत स्फोटक कमी घातलं होतं. चाचणीला कमीच घालतात, त्यात काही गैर नाही. पण मला आपली पोळीच आठवली. पारीचा कस बघायला चमचाभर पुरण घालून बघतो ना आपण, तसं. आणि डोकं यांचं असलं तरी ते पुरण येणार दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून. म्हणून यांनी स्वयंपाकघरच विकत घ्यायचं ठरवलं."

चाचणीनंतर दोनच दिवसांनी ऑपरेशन सिंदूर झालं आणि संरक्षणाशी नाव जोडलेले शेअर वर गेले, हे काकूंनी मला सांगितलं. म्हणजे बरणी माळ्यावर होती, पण झाकण उघडून बघणं रोज चालू होतं.

"कुठला हो बारूदखाना?" मी विचारलं. "नाव काय?"

"आयडीएल एक्स्प्लोझिव्हज."

मागच्या अंगणात पाण्याचा पाइप बंद झाला.

पाठककाका 1970 मध्ये आयडीएलमध्ये लागले आणि 2006 मध्ये निवृत्त झाले. छत्तीस वर्षं रोज पहाटे कंपनीच्या बसनं शहराच्या या टोकाहून त्या टोकाला, कुकटपल्लीला गेले. एरवी त्यांना तीनदा हाक मारावी लागते. पण आयडीएल ही तीन अक्षरं त्यांना झोपेतही ऐकू येतात.

"काय झालं आयडीएलला?" काका भिंतीशी आले. हात ओले, धोतराचा सोगा खोचलेला.

काकूंनी डोळ्यांनी मला दटावलं. मी शेअरचा भाग वगळून बाकीचं सांगितलं.

"ते जुनं झालं," काका म्हणाले. "मला उन्हाळ्यातच कळलं. ग्रंथालयात पेपर येतो. राउरकेल्याचा कारखाना आहे तो. आमच्याच घरातला, पण धाकटा. आयडीएल म्हणजे इंडियन डिटोनेटर्स लिमिटेड. 1961 साली कुकटपल्लीला सुरू झाली. आपल्या देशात खाणी खणायच्या, धरणं बांधायची, डोंगर फोडायचे, तर सुरुंग पेटवणारी नळी आपली पाहिजे म्हणून. पुढं ती हिंदुजांच्या गल्फ ऑइलमध्ये गेली, मग नाव जीओसीएल झालं. आम्ही मात्र शेवटपर्यंत आयडीएलच म्हणायचो. लग्नानंतर बायकोचं नाव बदललं तरी माहेरचे जुन्याच नावानं हाक मारतात, तसं."

"107 कोटींना घेतला म्हणे," काकू म्हणाल्या. "केवढी रक्कम!"

"एवढी? एवढीशीच!" काका भिंतीला टेकले. "जीओसीएलनं कुकटपल्लीची जमीन विकायची ठरवली, ते वाचलं होतंस? 264 एकर. साधारण 3,400 कोटींना. ज्या जागेवर आम्ही उभं राहून काम केलं, ती 3,400 ची. राउरकेल्याला जे काम चालतं, यंत्रं, परवाने, माणसं, गिऱ्हाइकं, सगळं धरून, ते 107 चं. जमीन हैदराबादची आहे आणि कारखाना ओडिशाचा, हे कबूल. पण मालक तोच, वर्षही जवळपास तेच. म्हणजे हात स्वस्त, माती महाग."

क्षणभर कुणी बोललं नाही. समोरच्या खिडकीतल्या बाई निराश होऊन आत गेल्या. भांडण संपलंसं वाटलं असेल.

"पण मोकळी जमीन एवढी होतीच कशाला, ते विचारा," काकांनी आपण होऊन धागा धरला. "लोकांना वाटायचं, कंपनी जागा अडवून बसली आहे. बारूदखान्याला दोन खोल्यांच्या मध्ये मैदान लागतं. एक खोली गेली तर दुसरी राहिली पाहिजे. खोलीभोवती मातीचे उंच बांध. भिंत जाड आणि छप्पर हलकं, म्हणजे उडालंच तर वर उडावं, शेजारच्यावर येऊ नये. कुंपणापासून वस्ती किती लांब, रस्ता किती लांब, सगळं नियमात मोजलेलं. ती रिकामी जागाच कारखान्याचं खरं यंत्र. आम्ही गेलो तेव्हा कुकटपल्ली म्हणजे माळरान. पुढं कॉलनी आली, कॉलेज आलं, हायटेक सिटी आली, मेट्रो आली. मैदानाला भाव आला आणि ते यंत्र फ्लॅट म्हणून जास्त किमतीचं झालं."

"आता नुसतं तळं राहिलंय नावाला," मी म्हटलं. कुकटपल्लीचं आयडीएल तळं. दरवर्षी तिकडचे गणपती तिथं विसर्जित होतात. बारूदखान्याचं नाव आता मोरयाच्या गजरातच ऐकू येतं.

काकूंना मात्र भावाच्या गोष्टीत रस होता. "पण तो मल्लापूरवाला शहाणा असता तर त्यानं स्वतःचा नवीन कारखाना बांधला असता. जुनं कशाला घ्यायचं?"

"नवा बांधायला किती वर्षं लागतील, सांग," काका म्हणाले. "आधी ओसाड जमीन. ती आता मिळते कुठं? मग स्फोटकांचा परवाना. त्याचं मुख्य ऑफिस कुठं आहे माहीत आहे? नागपुरात. पेसो म्हणतात. कायदा 1884 चा, इंग्रजांचा. नकाशा पाठवा, अंतरं दाखवा, तपासणी, पुन्हा नकाशा. संरक्षणासाठी दारूगोळा करायचा तर दिल्लीचा औद्योगिक परवाना वेगळा. 2001 पर्यंत तर खासगी माणसाला तो मिळतच नव्हता. त्याशिवाय शिकलेले हात. हे सगळं उभं करण्यात दहा वर्षं गेली तर ऑर्डर कुणी थांबवून ठेवतं का? चालू कारखाना घेणारा यंत्रं विकत घेत नाही, सुलभा. तो वर्षं विकत घेतो."

हे वाक्य मला आवडलं. पण काका स्वतःच्या वाक्यावर खूश होऊन थांबणाऱ्यातले नाहीत.

"आता तुझं ते पुरण. त्यात एक गफलत आहे."

"कुठली?"

"राउरकेल्याचं पुरण कोळशाच्या खाणीचं आहे. अमोनियम नायट्रेटचं. कोळसा, दगड, लोखंडाची खाण, त्यासाठी उत्तम. टनाटनानं लागतं, स्वस्त असावं लागतं आणि चटकन पेटणार नाही असं असावं लागतं. ते भोकात ओततात आणि थोड्याच दिवसांत उडवतात. क्षेपणास्त्राच्या किंवा सुरुंगाच्या पोटातलं पुरण वेगळं. ते वर्षानुवर्षं कोठारात पडून राहायचं, ऊन-पाऊस, समुद्राचं पाणी सोसायचं आणि हाक मारली की त्याच क्षणी उठायचं. दोन्हींना स्फोटक म्हणतात. पण साखरभातातल्या साखरेला आणि पुरणातल्या गुळाला गोड म्हणतात म्हणून अदलाबदल चालेल का?"

"मग घेऊन उपयोग काय?" काकूंचा आवाज चढला. 500 तुकडे डोळ्यांसमोर आले असणार.

"उपयोग आहे. चूल आहे, जागा आहे, चुलीशी बसायची सवय असलेली माणसं आहेत. नवा पदार्थ शिकायचा तर स्वयंपाक येणाऱ्याला शिकवणं सोपं. पण आज घेतलं आणि उद्या बाँब भरला, असं नसतं. नवी यंत्रं, नवे परवाने, नव्या चाचण्या. मधल्या काळात कोळशाची गिऱ्हाइकं सांभाळायची, म्हणजे चूल विझत नाही."

"उलट वाटेनं जाऊन जमलेलं माणूस आपल्या महाराष्ट्रातच आहे की," मी म्हटलं. "नागपूरची सोलार इंडस्ट्रीज. सत्यनारायण नुवालांनी 1995 मध्ये खाणीच्या स्फोटकांपासूनच सुरुवात केली. म्हणजे पुरण आधी. मग हातबाँब, रॉकेट, ते नागास्त्र नावाचं उडतं अस्त्र, अशा पाऱ्या शिकत गेले. यंदा फेब्रुवारीत पिनाकाच्या रॉकेटांचा 10,147 कोटींचा करार झाला, तो दोघांत वाटून मिळाला. एक वाटा सोलारच्या कंपनीला, दुसरा पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाला."

"तिकडून पुरणवाला पारीकडे आला, इकडून पारीवाली पुरणाकडे निघाली," काकू म्हणाल्या. "पण त्या नुवालांना तीस वर्षं लागली. यांना पटकन हवंय म्हणून विकत."

काकूंना कमी लेखू नये. शाळा सातवीत सुटली, पण हिशोब सुटलेला नाही.

"पैसे कुठून आणले गं?" पुढचा प्रश्न त्याच रांगेतला.

"मार्च 2025 ला संपलेल्या वर्षात त्यांची विक्री 562 कोटींची, नफा 56 कोटी," मी म्हटलं. "म्हणजे ही खरेदी जवळजवळ दोन वर्षांच्या नफ्याएवढी. अशा कंपन्या नवे शेअर आणि वॉरंट देऊन पैसा उभा करतात. यांनीही ते केलंय."

"वॉरंट? पोलीस?"

"बयाणा, काकू. आज ठरलेल्या भावानं शेअर पुढं घेईन, असा शब्द. रकमेचा चौथा हिस्सा आत्ता द्यायचा, उरलेले 18 महिन्यांत. भाव चढला तर देणारा हसत देतो. पडला तर बयाणा सोडून घरी जातो."

"आणि नवे शेअर निघाले म्हणजे माझ्या... म्हणजे जुन्या लोकांच्या वाट्याची पोळी लहान होणार?"

"पोळी मोठी झाली तर नाही."

"सासूबाई हेच म्हणायच्या. मोठी पोळी मी कधी पाहिली नाही."

काका मिशीत हसले. काकूंची जीभ घसरलेली त्यांनी ऐकली की नाही, कळलं नाही.

"खरी अडचण वेगळीच आहे," मी विषय पुढं ढकलला. "या धंद्यात माल आज, पैसा कधीतरी. सुटे भाग आधी आणून ठेवायचे, कारण परदेशातून यायला सहा महिने. कार्ड करायचं, तपासायचं, पुन्हा तपासायचं. मग तपासणी अधिकाऱ्याची तारीख. मग चाचणी, हवामान बघून. मग बिल. आमच्या शेडचं एक बिल एका मोठ्या खात्याकडे चौदा महिने पडून होतं. वह्यांमध्ये आम्ही फायद्यात होतो. मालक बँकेतून आले की शर्ट घामानं भिजलेला असायचा, त्यावरून आम्हाला पगाराची तारीख कळायची. आणि तिकडं कोळशाची खाण दर आठवड्याला माल मागते. रोजच्या गिऱ्हाइकाचा पैसा फिरता राहतो. या खरेदीत मला तोही एक शहाणपणा दिसतो. मेसचा डबा चालू असला की सणाची ऑर्डर उधार करता येते."

"म्हणजे विकू नको म्हणतेस?" काकूंच्या तोंडून गेलंच.

"काय विकू नको?" काकांनी विचारलं.

कढीपत्त्यावरची चिमणीसुद्धा गप्प झाली.

"ते 500 ना?" काका शांतपणे म्हणाले. "विकू नकोस की विक, तुझं तू बघ. कंपनीची पत्रं येतात वर्षातून दोनदा. मी गेली सात वर्षं ती तुझ्या पैठणीच्या खोक्याखाली ठेवतोय. तुला वाटतं, ती आपोआप तिथं जातात?"

काकूंचा चेहरा असा झाला की मी पुरणयंत्राकडं बघत राहिले. सात वर्षं दोघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते. आमच्या भिंतीला असले स्फोट सोसायची सवय आहे.

"मला शेअरची भीती नाही," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा उतरला. "मला वाटते ती दुसरी. जानेवारीत भंडाऱ्याला झालं, ते विसरलीस? 24 तारीख. सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरी, पिढ्यान् पिढ्या तेच काम करणारी. निदान आठ माणसं गेली. त्याच्याही आधी, 2023 च्या डिसेंबरात, बाजारगावला नऊ. तो कारखाना तर तुझ्या त्या सोलारचाच, हे काम कोळून प्यायलेल्यांचा. कार्ड बिघडलं तर ते फेकून दुसरं करता येतं. तिथं तसं नाही. मल्लापूरला चूक झाली की तपासनीस लाल शिक्का मारतो. राउरकेल्याला चूक झाली की शिक्का मारायला कुणी उरत नाही."

"पण काका," मला एकदम सुचलं, "एक गोष्ट दोन्हीकडं सारखीच आहे. आम्हाला शेडमध्ये मनगटाला पट्टा बांधावा लागायचा. त्याची तार जमिनीला जोडलेली. नायलॉनची साडी नको, केस मोकळे नकोत. कोरड्या हवेत अंगावर वीज साठते. आपल्याला कळतही नाही, पण बोट लागलं की चिप मरते. आणि मेलेली दिसत नाही. चाचणीतही पास होते कधीकधी आणि पुढं कुठंतरी ऐन वेळी दगा देते."

काका माझ्याकडं बघत राहिले.

"आम्हाला खोलीच्या दाराशी तांब्याची पट्टी असायची," ते म्हणाले. "तिला हात लावल्याशिवाय आत पाऊल नाही. अंगावरची वीज जमिनीत गेली पाहिजे. सुती कपडे, खिशात काडेपेटी नाही, बुटाला खिळा नाही. छत्तीस वर्षं. दिवसातून वीस वेळा तरी. एकदा एक नवा मुलगा घाईत हात न लावता आत गेला. काही झालं नाही. पण फोरमननं त्याला बाहेर काढून दिवसभर त्या पट्टीशी उभं केलं. 'काही झालं नाही, हेच तुला आयुष्यभर करायचंय,' म्हणाला."

आणि मला गेल्या सदतीस वर्षांचं कोडं सुटलं.

काका बाहेरून आले की आमच्या काय, त्यांच्या काय, कुठल्याही लोखंडी फाटकाला आधी तळहात लावतात, क्षणभर थांबतात आणि मग कडी काढतात. गल्लीतली पोरं म्हणतात, आजोबा फाटकाला नमस्कार करतात. माझ्या सासूबाई म्हणायच्या, पाठक देवमाणूस, उंबऱ्याबाहेरूनच वास्तुपुरुषाला हात जोडतो. आम्ही सगळे त्यांना भाविक समजत होतो. प्रत्यक्षात निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली तरी माणूस अजून ड्यूटीवर होता.

काकूंनाही हे ठाऊक नव्हतं. त्या नवऱ्याच्या हाताकडं, जणू तो आजच लग्नात मिळाला असावा, तशा बघत होत्या.

"ही सवय त्या सौद्यात धरली असेल का हो?" त्यांनी विचारलं. "107 मध्ये?"

"माणसं टिकवली तर फुकट मिळेल," काका म्हणाले. "राउरकेल्याच्या जुन्या माणसांना पगार वाढवून ठेवलं तर. खर्च कमी करायचा म्हणून त्यांना घरी पाठवलं, तर कितीही कोटींत मिळणार नाही. मल्लापूरच्या पोरांना पट्टा बांधायची सवय आहे, ते चांगलंच. पण ती पोरं चिपला जपतात. आपण स्वतःला आणि शेजारच्या खोलीतल्याला जपतोय, हे त्यांना नव्यानं शिकावं लागेल."

"मग विकत नाही मी," काकूंनी जाहीर केलं.

"शेअरचा आणि याचा काय संबंध?" काका चकित.

"पुढच्या सभेचं पत्र आलं की मला वाचून दाखवा. पैठणीखाली ठेवू नका. सभेत विचारता येतं ना प्रश्न? 500 वालीलासुद्धा? मी विचारणार आहे, किती जुनी माणसं ठेवली."

"मराठीत विचारशील?"

"हौ, मराठीत. त्यांना वाटेल भांडतेय. वाटू दे."

तेवढ्यात वास आला. डाळ-गूळ बुडाला लागल्याचा तो गोड, कडवट वास, जो पाठकांच्या घरातून येतो तेव्हा कुणी काही बोलायचं नसतं. काकू किंचाळून आत पळाल्या. माझं पुरणयंत्र भिंतीवरच राहिलं, त्या जुन्या वाटीच्या ठशाशेजारी.

दुपारी ते परत आलं. रिकामं नव्हतं. भांडं रिकामं परत करायची त्यांच्या घरी पद्धत नाही. आत चार पोळ्या होत्या. पारी पातळ, पुरण जरा खरपूस. काका जेवायला आले तेव्हा मी मुद्दाम खिडकीत उभी होते. त्यांनी आमच्या फाटकाला तळहात लावला, नेहमीसारखे क्षणभर थांबले. मागून काकू आल्या, हातात नैवेद्याचं ताट. त्यांनी ताट एका हातावर तोललं, इकडंतिकडं पाहिलं आणि दुसरा हात हळूच फाटकाला लावला.